कोड न लिहिणारा इंजिनिअर दिवसभर करतो काय?

नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावातूनही आता मुलं-मुली सॉफ्टवेअरमध्ये जातात. कोणी नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कमध्ये असतं, कोणी मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस नाही तर एचसीएलमध्ये, कोणी थेट पुण्याला हिंजवडीत. सात-आठ वर्षांनी एक दिवस फोन येतो, मॅनेजर झालो म्हणून. घरी पेढे वाटले जातात. मग हळूहळू कळतं, की ज्यासाठी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं ते कोड लिहिण्याचं काम आता तो करतच नाही. वडील विचारतात, "मंग दिवसभर करते काय तो?"

प्रश्न रास्त आहे आणि तो फक्त वडिलांना पडत नाही. नव्या मॅनेजरलाही पडतो. काल संध्याकाळी त्याला सांगता येत होतं, की आज अमुक बग (कोडमधला दोष) सुटला, तमुक स्क्रीन तयार झाली. आज संध्याकाळी सांगण्यासारखं काहीच हाती नाही. बैठका झाल्या, बोलणं झालं, दिवस गेला. म्हणून कितीतरी नवे मॅनेजर रात्री घरी बसून पुन्हा कोड लिहायला लागतात. स्वतःच्या डोळ्यांना दिसणारं तेवढं एकच काम त्यांच्याकडे उरलेलं असतं.

इंटेलचे अँड्र्यू ग्रोव्ह यांनी १९८३ साली मॅनेजरांसाठी लिहिलेल्या पुस्तकात याचं सरळ उत्तर दिलं: मॅनेजरचं काम म्हणजे त्याच्या माणसांच्या हातून झालेलं काम. त्याचं स्वतःचं असं वेगळं उत्पादन नाही. हे एकदा पटलं की पुढचा प्रश्न येतो. माणसांच्या हातून चांगलं काम व्हावं म्हणून त्याने नेमकं काय करायचं? माझं उत्तर असं: कामाबद्दलची खरी गोष्ट, त्यातही वाईट बातमी, आपल्यापर्यंत लवकर पोचेल अशी व्यवस्था त्याने करायची आणि ती ऐकून निर्णय घ्यायचा. पुढचं सगळं प्रकरण याच एका कौशल्याबद्दल आहे.

१. जे मोजता येत नाही

सेलूच्या शिवारात कापूस वेचणी कशी चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाया कमरेला कापड बांधून तासातासाने पुढे सरकतात, संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो आणि किलोप्रमाणे मजुरी ठरते. कोणी किती वेचलं ते काटा सांगतो. शेत किती राहिलं ते उभ्याउभ्या दिसतं. दहा बायांऐवजी वीस आणल्या तर तेच शेत निम्म्या दिवसांत उरकतं. कवडी कापूस मिसळला असेल तर तोही हाताला लागतो.

सॉफ्टवेअरमध्ये यातलं काहीच लागू पडत नाही. शेत दिसत नाही, काटा नाही आणि माणसं दुप्पट केली तरी दिवस निम्मे होत नाहीत. आपल्याकडे कामाचा हिशेब बहुतेक असाच, वजनावर आणि नगावर होत आला आहे. त्यामुळे नव्या मॅनेजरचा हात आपोआप काट्याकडे जातो. कोणी किती ओळी लिहिल्या, कोणी किती तास बसलं, कोणी किती बग मिटवले, हे तो मोजायला लागतो.

ॲपलमध्ये १९८२ च्या सुरुवातीला हेच झालं. लिसा नावाच्या संगणकाचं काम चालू होतं आणि प्रत्येक इंजिनिअरने आठवड्यात किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरून द्यावं, असं व्यवस्थापकांनी ठरवलं. बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात चित्रं काढण्याच्या कोडचा एक अवघड भाग नव्याने लिहिला होता. तो आधीच्या जवळपास सहापट वेगाने चालू लागला आणि कोड सुमारे दोन हजार ओळींनी कमी झाला. त्यांनी फॉर्मवर लिहिलं: उणे २०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो फॉर्म मागणंच बंद झालं.

कमी ओळींत जास्त काम करणं हीच या धंद्यातली हुशारी आहे. ओळी मोजायला लागलात तर ओळी वाढतील. मिटवलेले बग मोजायला लागलात तर सोपे बग पटापट मिटतील आणि अवघड बग तसाच पडून राहील. आकडा छान दिसेल आणि त्याच्यामागे खरी परिस्थिती दडून बसेल.

२. उशीर झाल्यावर माणसं वाढवली तर

१९६४ मध्ये आयबीएमने सिस्टीम/३६० हे संगणकांचं कुटुंब जाहीर केलं. ते चालवणारं मूळ सॉफ्टवेअर तयार करण्याची जबाबदारी फ्रेड ब्रुक्स यांच्याकडे होती. काम लांबत गेलं, माणसं वाढत गेली, तरी ते लांबतच राहिलं. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ साली एक पुस्तक लिहिलं, आणि त्यातलं एक विधान जगभरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आजही सांगितलं जातं: आधीच उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली तर ते आणखी लांबतं. हे विधान फार ठोकळ आहे, असंही त्यांनी तिथेच नमूद केलं आहे. पण त्यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे.

समजा पाच जणांना चार महिन्यांचं काम आहे. म्हणजे एकूण वीस मनुष्य-महिने. एका माणसाने एका महिन्यात करायचं काम म्हणजे एक मनुष्य-महिना. दोन महिने उलटले आणि लक्षात आलं, की काम निम्मं व्हायला हवं होतं पण पावच झालं आहे. पंधरा मनुष्य-महिने उरले, हाती दोन महिने. भागाकार केला तर साडेसात, म्हणजे आठ माणसं हवीत. तीन नवीन घेतली.

तिसऱ्या महिन्यात काय होतं? नव्या तिघांना आधीचा कोड कळत नाही. तो समजावून सांगायला जुन्यांपैकीच कोणाचा तरी वेळ जातो. एका नव्या माणसामागे जुन्या माणसाचा अर्धा वेळ धरला, तर दीड माणूस शिकवण्यात गेला. नव्यांकडून जवळपास काही नाही, जुन्यांकडून साडेतीन. चौथ्या महिन्यात आठही जण जोमाने लागले असं धरलं तर आठ. बेरीज साडेअकरा. हवे होते पंधरा. नवीन कोणालाच घेतलं नसतं तरी दहा झाले असते. म्हणजे तीन माणसं वाढवून पदरात पडलं ते दीड मनुष्य-महिन्याचं काम. आणि हा हिशेबही उदार आहे, कारण पहिल्या दोन महिन्यांत प्रत्यक्ष वेग ठरल्याच्या निम्माच होता.

त्यात बोलण्याचा खर्च धरलेलाच नाही. एकाने आपल्या भागात बदल केला की दुसऱ्याचा भाग बिघडू शकतो, म्हणून प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागतं. पाच जणांत अशा जोड्या दहा होतात, आठ जणांत अठ्ठावीस. माणसं दीडपटीहून थोडी जास्त झाली, बोलणं जवळपास तिप्पट.

माणसं घेऊच नयेत, असा याचा अर्थ नाही. काम मागे पडतंय हे दुसऱ्या महिन्याच्या शेवटी का कळलं, तिसऱ्या आठवड्यात का नाही कळलं, हा खरा प्रश्न आहे. तिसऱ्या आठवड्यात कळलं असतं तर माणूस घेऊन, शिकवून, उपयोगी पडायला पुरेसा वेळ होता. टीममधल्या कोणाला तरी ते तेव्हाच ठाऊक होतं. बहुतेक वेळा असतंच.

३. काय करायचं नाही

लवकर कळलं की मॅनेजरच्या हातात एक निर्णय असतो, तो म्हणजे कामातून काय वगळायचं. त्याचं एक मोठं उदाहरण आपल्याच विदर्भातल्या माणसाचं आहे. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतात महासंगणक बनवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. परदेशातून असा संगणक मिळवण्यात तेव्हा अडथळे होते. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

तीन वर्षांत तो उभा राहिला त्यामागे एक निर्णय होता. महासंगणकासाठी स्वतःची खास चिप बनवायची नाही. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे तयार प्रोसेसर बाजारात होते. ते अनेक एकत्र जोडायचे, एक मोठं गणित त्यांच्यात वाटून द्यायचं आणि आपली बुद्धी व वेळ जोडणीवर आणि ती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर खर्च करायचा. चिप बनवण्याच्या मागे लागले असते तर तीन वर्षं तिथेच गेली असती.

नागपुरातल्या सहा जणांच्या टीमपुढेही हाच निर्णय छोट्या रूपात येतो. ग्राहकाने बारा गोष्टी मागितल्या आहेत, तारखेपर्यंत आठच होतील. कोणत्या आठ, हे मॅनेजरने ग्राहकाशी बोलून ठरवायचं असतं. तो ते टाळतो तेव्हा रात्री जागून बाराही अर्धवट केल्या जातात.

४. आठवड्यातला अर्धा तास

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण माझ्या मते सगळं कौशल्य इथे आहे. टीममधल्या माणसाला ठाऊक असलेली गोष्ट मॅनेजरला कळत का नाही?

सेलूतून आलेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. शाळा मराठी माध्यमाची, इंजिनिअरिंग वर्धा जिल्ह्यातल्याच एखाद्या कॉलेजात. कोड उत्तम लिहितो. रोज सकाळी टीमची पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या बैठक असते, तिला स्टँडअप म्हणतात. ती इंग्रजीत चालते. काल काय केलं, आज काय करणार, काही अडचण आहे का, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. या मुलाचं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: नो इश्यूज. अडचण नसते म्हणून नव्हे. ती इंग्रजीत मांडताना वाक्य अडखळेल, सगळे आपल्याकडे बघतील, शिवाय मोठ्या माणसाला "जमत नाही" असं तोंडावर सांगणं घरातच शिकवलेलं नसतं. दुपारी मॅनेजर त्याच्या जागेपाशी येतो.

"लॉगिनचं कुठवर आलं?"

"होऊन जाते, सर."

मॅनेजर खूश होऊन जातो. तेच जर बुधवारी चार वाजता, बाकी कोणी नसताना, मराठीत असं विचारलं:

"लॉगिनच्या कामात या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?"

"सर, तो ओटीपी. आपल्या टेस्टिंगच्या सर्व्हरवर येते, पण खऱ्या सर्व्हरवर कधी येते, कधी येतच नाही. तीन दिवस झाले."

"कोणाला विचारलंस?"

"नाही, सर. मले वाटलं, माझंच काही चुकलं असन."

तीन दिवस. त्याच कंपनीत, दोन खोल्या पलीकडे मेसेज पाठवणारी यंत्रणा सांभाळणारी टीम बसलेली असते आणि तिथल्या एखाद्याला ही तक्रार ओळखीची असू शकते. दोन प्रश्नांत फरक काय आहे पाहा. पहिल्याचं उत्तर "होईल" किंवा "होणार नाही" एवढंच येऊ शकतं, आणि दुसरं उत्तर कोणी देत नाही. दुसरा प्रश्न वेळ कुठे गेला ते विचारतो. वेळ कुठेतरी गेलाच आहे, त्यामुळे उत्तर देताना मान खाली घालावी लागत नाही.

या भेटीला कंपन्यांत वन-ऑन-वन म्हणतात. ग्रोव्ह यांनी इंटेलमध्ये तिच्यावर फार भर दिला होता. मॅनेजरची दीड तासाची एक चांगली भेट समोरच्याच्या पुढच्या दोन आठवड्यांच्या कामाचा दर्जा वाढवू शकते, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे अर्धा तासही पुरतो, पण काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. भेट ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी व्हायला हवी. ग्राहकाचा फोन आला म्हणून ती दोनदा रद्द केली, की माणूस ओळखतो आपली जागा कुठे आहे. बोलणं मुख्यतः त्याने करायचं. काम किती झालं हे विचारायला ती नाही, ते कामाच्या यादीत दिसतंच. मराठी, हिंदी, वऱ्हाडी, ज्या भाषेत तो विचार करतो त्या भाषेत बोलू द्यावं. आणि एक प्रश्न दर महिन्याला तरी विचारावा: "माझ्यामुळे तुझं काम कुठे अडलं का?" पहिल्या दोन-तीन वेळा उत्तर येणार नाही. चौथ्या वेळी येईल, आणि तेव्हा स्वतःचं समर्थन न करता ते लिहून घ्यायचं.

ओटीपीची अडचण ऐकल्यावर मॅनेजरच्या बोटांना खाज सुटते. तो स्वतः चांगला इंजिनिअर होता, दहा मिनिटांत सोडवेल. कीबोर्ड ओढून घेऊ नये. "काय काय करून पाहिलंस?" असं विचारावं आणि गप्प बसावं. त्या शांततेत मुलगा स्वतःच म्हणतो, "सर, लॉग नाही पाह्यले मी तिकडचे." लॉग म्हणजे सर्व्हरने आपोआप लिहून ठेवलेली नोंद. मग त्याची पलीकडच्या टीमशी गाठ घालून द्यावी. पुढच्या वेळी तो तीन दिवस थांबणार नाही.

५. कोणावर किती लक्ष

सतत मागे उभं राहणारा मॅनेजर कोणालाच आवडत नाही, आणि अजिबात न फिरकणाराही कामाचा नाही. मग किती? ग्रोव्ह यांचं सांगणं उपयोगी आहे: माणसाचा एकूण अनुभव पाहू नका, या विशिष्ट कामाचा पाहा. दहा वर्षं बँकेचं सॉफ्टवेअर लिहिलेली बाई पहिल्यांदाच मोबाईल ॲप करत असेल, तर त्या कामात ती नवखी आहे. तिला आठवड्यात दोनदा विचारणं अपमान नाही. बँकेच्या कामात मात्र उद्दिष्ट सांगून बाजूला व्हावं. एकाच माणसाशी दोन कामांत दोन तऱ्हांनी वागावं लागतं.

लक्ष ठेवण्याच्या नादात त्यांचा दिवस तोडू नये. कोड लिहिताना डोक्यात दहा धागे एकदम धरून ठेवावे लागतात. अकराला बैठक, बाराला फोन, दोनला पुन्हा बैठक अशा दिवसात ते धागे जुळतच नाहीत. बैठका दुपारनंतर एकत्र घेतल्या तर सकाळ मोकळी राहते.

६. चूक झाल्यावरचा पहिला तास

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एक इंजिनिअर उशिरापर्यंत बिघाड दुरुस्त करत होता. त्यांच्याकडे माहिती साठवणारे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक त्याची नक्कल. नकलेतली माहिती पुसून ती नव्याने भरायची होती. पुसण्याची आज्ञा त्याने चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं होतं.

बॅकअप शोधायला गेले तर नियमित बॅकअप होतच नव्हते. सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या जुळत नसल्याने ते कधीपासून बंद पडले होते, आणि ते बंद पडल्याची सूचना देणारे ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी वाचवलं ते एका प्रतीने. सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने दुसऱ्या एका चाचणीसाठी ती हाताने घेऊन ठेवली होती. त्या सहा तासांतली माहिती मात्र कायमची गेली.

कंपनीने ही सगळी हकीकत लोकांसमोर मांडली, दुरुस्ती चालू असताना तिचं थेट प्रक्षेपणही केलं. नंतर लिहिलेल्या अहवालात त्या इंजिनिअरचं नाव नव्हतं. प्रश्न होते ते असे: बॅकअप बंद पडल्याचं कोणालाच का कळलं नाही? बॅकअप परत भरून पाहण्याची जबाबदारी कोणाची होती? ती कोणाचीच नव्हती, हे उत्तर तेव्हा सापडलं.

त्या जागी "कोणी केलं?" हा पहिला प्रश्न असता, तर ते उत्तर सापडलंच नसतं. अशा कंपनीत पुढची चूक होते तेव्हा करणारा आधी ती लपवायला बघतो, आणि पहिला तास, ज्यात नुकसान थांबवता येतं, तो हातचा जातो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना एक चक्रावून टाकणारी गोष्ट दिसली होती. चांगल्या टीमच्या नोंदीत चुका जास्त होत्या. त्यांच्या हातून जास्त चुका होत नव्हत्या. तिथे चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून त्या नोंदल्या जात होत्या. टीममध्ये कधीच काही बिघडत नाही, असं मॅनेजरला वाटत असेल, तर त्याने आधी आपल्या कानांची काळजी करावी.

७. हे शिकायचं कुठे

कंपन्या दोन दिवसांचं प्रशिक्षण देतात. त्याने शब्द कळतात, सवय लागत नाही. सेलूपासून जवळच्याच वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये जी शिक्षण परिषद भरली, तिने प्रत्यक्ष काम करत शिकण्यावर भर दिला आणि त्यातून नई तालीम ही शिक्षणपद्धती उभी राहिली. मॅनेजरचं शिक्षण तसंच व्हावं लागतं, आणि पद मिळायच्या आधी सुरू व्हावं लागतं. कॉलेजातून आलेल्या एका नव्या मुलाला सहा महिने सांभाळून पाहावं. एका छोट्या रिलीजची, म्हणजे सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती देण्याची, जबाबदारी घ्यावी. काम किती दिवसांत होईल याचा प्रत्येक वेळी वहीत अंदाज लिहावा आणि शेजारी प्रत्यक्ष लागलेले दिवस. आपण नेहमी किती कमी धरतो, ते त्या दोन रकान्यांतून कळायला लागतं.

कोणाला त्याची उणीव सांगायची असेल तर त्याचाही सराव हवा. "तुझं काम ढिलं आहे" याचं समोरचा काय करणार? "सोमवारी दिलेल्या कोडमध्ये चाचण्या नव्हत्या, त्यामुळे गुरुवारी पेमेंट बंद पडलं, पुढच्या वेळी त्या सोबत दे, अडलं तर मला विचार" यात त्याला करण्यासारखं काहीतरी मिळतं. हे त्याच आठवड्यात, एकट्याला सांगावं. वर्षाच्या शेवटी मूल्यमापनाच्या बैठकीत ते पहिल्यांदा कानावर पडलं तर माणूस कायमचा दुखावतो. कौतुक मात्र सगळ्यांसमोर करावं आणि तेही इतकंच नेमकं.

गुगलने आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास करून २०११ मध्ये चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी जाहीर केल्या. पहिली होती माणसाला घडवणं. तांत्रिक ज्ञान शेवटी, आठव्या क्रमांकावर होतं. ते लागतंच, नाही तर इंजिनिअर काय सांगतोय ते कळणार नाही. पण केवळ सगळ्यात हुशार म्हणून एखाद्याला मॅनेजर करणं यातून चुकीचं ठरतं.

८. आणि नाही झालं तर

घरच्यांना, विशेषतः स्थळ पाहताना, "अजून मॅनेजर नाही झाला?" हा प्रश्न पडतो. अनेक मोठ्या कंपन्यांत आता वर जायचे दोन रस्ते आहेत. एक माणसं सांभाळण्याचा, दुसरा तांत्रिक कामाचा. दुसऱ्या रस्त्यावरचा आर्किटेक्ट किंवा प्रिन्सिपल इंजिनिअर पगारात आणि मानात मॅनेजरच्या बरोबरीचा असू शकतो. ज्याला दिवसभर माणसांचं ऐकून घेण्याचा मनापासून कंटाळा आहे त्याने या रस्त्याने जावं, आणि घरच्यांनी ते अभिमानाने सांगावं.

मॅनेजर होऊन पाहिलं आणि वर्षभराने लक्षात आलं की जमत नाही, तर परतीचा रस्ता उघडा हवा. हे कंपनीने पद देतानाच सांगावं, शक्य तर लेखी: एक वर्ष करून पाहा, परत कोडकडे वळलास तर पगार कमी होणार नाही. असं आश्वासन असलं की माणूस वर्षाच्या मध्येच येऊन सांगतो, "सर, मला हे जमत नाहीये." असं आश्वासन नसलं की सहा जणांच्या टीममधले दोघं राजीनामा देतात आणि मग कळतं, की मॅनेजरला जमत नव्हतं.